गेरू लावलेलं झाड

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. टोबॅगो बेटाच्या किनाऱ्यावर, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत असताना, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एका विषारी झाडाखाली वाकून वाकून फळं वेचली आणि त्यातलं एक खाल्लं. झाडावर खूण नव्हती म्हणावं तर तसंही नाही. बुंध्याला कमरेच्या उंचीवर तांबड्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला होता. शहाणा माणूस असा पट्टा बघून चार पावलं मागे सरकतो. मी तो बघून खूश झाले. म्हटलं, वा, इथल्या बांधकाम खात्यानेही झाडांना गेरू लावलाय!

ज्यांनी आपल्याकडचे जुने रस्ते पाहिलेत त्यांना माझी बाजू थोडीफार पटेल. आमच्या वसईत रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचा आणि वड, प्रत्येकाच्या कमरेला खाली चुना, मध्ये गेरू, वर पुन्हा चुना. साहेब येणार असला की पट्टा ताजा. त्यामुळे लाल पट्टा म्हणजे सरकारी झाड आणि सरकारी झाडाची फळं म्हणजे कुणाचीच नाहीत, अर्थात आपली, हे गणित माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं. ते डोकं घेऊन मी पंचवीस वर्षं कॅनडात राहिले. तिथे बर्फामुळे त्याची कधी परीक्षा झाली नव्हती, इतकंच.

निघताना

ही गोष्ट २००४ च्या मार्चमधली. आता आठ वर्षं झाली. तेव्हा मला वाटायचं, आपण म्हातारे झालो. आज त्या अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीचा फोटो फ्रिजवर लावलेला आहे, गुडघे न धरता वाळूत उकिडवी बसलीय, आणि मला तिचा हेवा वाटतो. अक्कल सोडली तर तिच्याकडे सगळं होतं.

आम्ही ऑन्टारिओतल्या केंब्रिजला राहतो. हे, म्हणजे माझे यजमान पास्कल, मोटारींच्या प्लांटमध्ये असेंब्ली लाइनवर होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना रिटायर होता येणार होतं आणि हो की नाही ते एप्रिलच्या आत कळवायचं होतं. माझं मात्र सगळं ठरलेलं होतं. रिटायर झाल्या झाल्या घर आवरायचं आणि वसईला कायमचं परत जायचं. माझ्या थोरल्या जावेला, सेसिलबाईला, मी दर नाताळच्या कार्डात लिहीत आले होते, "ह्यांना इकडे अजिबात करमत नाही. ह्यांना थंडी सोसत नाही. ह्यांचा जीव तिकडेच आहे." चर्चमध्ये, ग्रोसरीच्या रांगेत, शेजारणीकडे कॉफीला गेले तरी माझं तेच. ह्यांना परत जायचंय.

आमची मुलगी शेरन एकदा म्हणाली, "मम्मी, डिड यू ॲक्च्युअली आस्क डॅड?"

"विचारायचं काय त्यात? तीस वर्षं संसार केलाय. त्यांचं मन मला कळतं."

"ओके, बट डिड यू आस्क?"

इथल्या मुलांचं हे असं. उत्तर मिळालं तरी प्रश्न सोडत नाहीत.

शेरननेच आम्हाला टोबॅगोची तिकिटं दिली, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. सोबत तिची सात वर्षांची निकीही बांधून दिली, कारण शाळेला मार्च ब्रेक होता आणि शेरनला सुट्टी नव्हती. ती भेट होती की बेबीसिटिंग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मात्र मनात वेगळाच बेत शिजवला. बेटावर नारळ असणार, केळी असणार, खारा वारा असणार. हे तो वारा नाकात घेतील, डोळे भरून येतील आणि वाळूत बसल्या बसल्या स्वतःच्या तोंडाने म्हणतील, "फिलू, चल, वसईला जाऊ." तो "हो" गाठीला बांधायचा आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. आठ दिवस भरपूर होते.

डॉलीचं घर

टोबॅगोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा आमच्या तिघांच्या हातांत जाडजूड हिवाळी कोट होते आणि अंगातून पाणी निथळत होतं. गेस्टहाउसवाली डॉली स्वतः गाडी घेऊन आली होती. पन्नाशीची, ठेंगणी, काळीसावळी, कपाळाला टिकली नाही पण चेहरा असा की आमच्या बाजारात वेणी विकायला बसली तर कुणी वळून बघणार नाही. तिचे पणजोबा शेजारच्या त्रिनिदाद बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला आणलेले. कुठल्या गावचे ते तिला ठाऊक नव्हतं. "बोट माहीत आहे, गाव माहीत नाही," ती म्हणाली. बोलायची इंग्रजीच, पण झोपाळ्यावर बसवलेली, प्रत्येक वाक्य शेवटी वर जाणारी.

निकीने मला "आजी" अशी हाक मारली आणि डॉलीने ब्रेकच दाबला.

"व्हॉट शी कॉल यू?"

"आजी. ग्रँडमदर."

"पण आम्हीपण आजीच म्हणतो! बापाची आई ती आजी, बापाचा बाप तो आजा."

माझ्या आजोबांना आम्ही आजाच म्हणायचो. तो शब्द मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, केंब्रिजमध्ये नाही आणि हल्ली वसईतही नाही, तो या बेटावर एका बाईने गाडी चालवता चालवता काढून दिला. त्या क्षणापासून मी डॉलीची आजी आणि हे तिचे आजा. ती आमच्याहून जेमतेम आठ-दहा वर्षांनी लहान असेल, पण त्याला इलाज नव्हता.

मी लगेच ह्यांना कोपर मारलं. "बघा, अगदी आपल्यासारखं!"

"हं," हे म्हणाले.

ह्यांच्या "हं"चं सांगायला हवं. माझे यजमान कमी बोलतात असं लोक म्हणतात. मी म्हणायचे, ते पुरेसं बोलतात, ऐकणाऱ्याला कान हवेत. एक "हं" म्हणजे हो, लांब "हं" म्हणजे नक्की हो, नाकातला "हं" म्हणजे आत्ता नको पण हो. नकाराचा "हं" माझ्या कोशात नव्हता.

दुसऱ्या सकाळी उजाडायच्या सुमाराला छपरावर कुणीतरी पत्रे खरवडतंय असा आवाज झाला. निकी घाबरून माझ्या कुशीत शिरली. बाहेर येऊन बघते तर तांबूस-तपकिरी, कोंबडीएवढे चार पक्षी नारळावर बसून एकमेकांशी कडाकडा भांडत होते. त्यांचं नाव कोक्रिको, आणि ते तेच नाव ओरडत सुटतात. डॉली म्हणाली, आमचा मानाचा पक्षी आहे, पण भाज्या खातो म्हणून कुणालाच आवडत नाही. मला तो आवडला. माझ्यासारखाच, सकाळपासून सुरू.

नाश्त्याला तिने "बारा" तळले. पिवळसर, मऊ, हाताएवढ्या पुऱ्या, त्यात छोल्यांचा रस्सा, वरून चिंचेची चटणी आणि एक अशी मिरचीची चटणी की माझी बाटलीतल्या मसाल्यावर पोसलेली जीभही हादरली. हो, बाटलीतला मसाला मी घेऊन गेले होते, मोज्यात गुंडाळून. वसईची ख्रिस्ती बाई कुठेही जाताना पासपोर्ट विसरेल, मसाला नाही. डॉलीने तो हुंगला आणि संध्याकाळी त्यात खेकडे केले, सोबत कणकेचे जाड उकडलेले गोळे. रस्सा नारळाच्या दुधातला. हे तीन वेळा वाढून घेऊन जेवले. मी मनात एक खूण केली, काम फत्ते व्हायला लागलं.

पाण्यावर

आमच्या वसईच्या समुद्राचा रंग चहासारखा. पावसाळ्यात जास्त दूध घातलेल्या चहासारखा. इथला समुद्र इतका निळा होता की मला तो सुरुवातीला खोटाच वाटला, लग्नाच्या हॉलमधल्या पडद्यासारखा. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला गेलो. पायाखाली काच, काचेखाली जांभळ्या पंखांसारखी झुडपं डोलतायत, पोपटी मासा दगडाला चोचीने टोचतोय, आणि निकी पालथी पडून काचेला नाक लावून ओरडतेय, "आजी, ही इज पूपिंग सँड!" होडीवाला हसून म्हणाला, खरं आहे, इथली पांढरी वाळू बरीचशी या माशांनीच काढलेली. त्यानंतर वाळूत बसताना मी थोडी विचार करून बसायचे.

समुद्राच्या मधोमध एक जागा आहे, तिथे पाणी जेमतेम कमरेएवढं आणि इतकं नितळ की पायाची नखं दिसतात. इथे बुडी मारली की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, असं होडीवाल्याने सांगितलं. मी तीनदा मारली. हे एकदाही नाही. काठाला धरून पाण्यात उभे राहिले, चष्मा घालून.

"अहो, मारा ना! समुद्रकाठचा माणूस तुम्ही."

"मी वाडीतला, फिलू. समुद्रकाठची तू."

हे खरं होतं. ह्यांचं घर आत, केळीच्या बागेत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी. मासळी माझ्या माहेरची, पाण्यात पोहायचे माझे भाऊ. तेव्हा मी ते वाक्य ऐकलं आणि पाण्यासारखं जाऊ दिलं. मला पुढचं बोलायचं होतं.

वरून झोळीवाले पक्षी सूर मारत होते. पंख मिटून दगडासारखे पडायचे, चोचीखालची पिशवी भरून वर यायचे आणि मग मान हलवत पाणी गाळत बसायचे, आमच्या कोळणी टोपली निथळत ठेवतात तशा. लांब शेपटीचे काळे पक्षी आभाळात टपून असायचे आणि दुसऱ्याच्या चोचीतला मासा हवेतल्या हवेत पळवायचे. "दादागिरी," हे म्हणाले. त्या दिवसातलं ह्यांचं सर्वांत लांब भाष्य.

तिसऱ्या दिवशी डॉलीने बेटाच्या कण्यावरच्या जुन्या राखीव जंगलात नेलं. आत गेल्यावर हवा एकदम थंड आणि ओली. झाडांच्या अंगाखांद्यावर झाडं. एका फांदीवर निळ्या-हिरव्या रंगाचा पक्षी बसला होता, शेपटीच्या टोकाला जणू दोन चमचे लावलेले, आणि ते तो घड्याळाच्या लंबकासारखे डावीकडे उजवीकडे करायचा. आमच्याकडे शिंजीर येतो जास्वंदीवर, तो किती लहान! इथला हमिंगबर्ड त्याच्याहून छोटा, हवेत टांगल्यासारखा राहतो. एक निकीच्या लाल टोपीसमोर येऊन थांबला, फूल समजून. तिने श्वास रोखला, तो गेला, आणि तिने इतका मोठा उसासा सोडला की चमचेवाला पक्षीपण उडाला. ही निकी आता पंधरा वर्षांची आहे. परवा तिला हे आठवतंय का म्हणून विचारलं तर फोनवरून डोळे न काढता म्हणाली, "ऑफ कोर्स, आजी. बेस्ट डे एव्हर." मग मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसला.

जंगलातून परतताना मी पुन्हा सुरू केलं. केळी बघा, अळू बघा, मातीचा वास बघा. ह्यांनी एक नाकातला "हं" दिला.

झाड

पाचवा दिवस. डॉली बाजारात गेलेली. आम्ही तिघं गेस्टहाउसमागच्या छोट्या किनाऱ्यावर. हे चटईवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले, निकी वाळूची बादली घेऊन, आणि मी सावली शोधत. किनाऱ्यावर एकच मोठं झाड सावलीचं. पानं चकचकीत, बुंध्याला तो लाल पट्टा. आणि खाली पडलेली फळं! बोरापेक्षा मोठी, पेरूपेक्षा लहान, पिवळसर हिरवी, हुबेहूब छोटी सफरचंदं. वास गोड.

माझ्या डोक्यात लोणच्याची बरणी तयार झाली. मोहरी डॉलीकडे असणार, मसाला माझ्याकडे आहेच. वरून अशी कीव आली त्या बेटवाल्यांची, एवढं फळ पडून वाया जातंय, झाडाला गेरू लावायचं कळतं आणि खायचं कळत नाही!

निकीची बादली भरली. एक फळ फ्रॉकला पुसून तिच्यापुढे धरलं. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

"आजी, यू डिडंट वॉश इट."

"समुद्राच्या वाऱ्याची फळं धुवायची नसतात, बाय."

"मम्मी सेज ऑलवेज वॉश."

"तुझी मम्मी कॅनडाची आहे. मी वसईची आहे." असं म्हणून मी ते फळ, तिला शिकवण्यासाठी, स्वतःच चावलं.

गोड होतं. आलुबुखारासारखं. मी निकीला सांगितलंही, "बघ, कसलं गोड." मग जिभेवर मिरी फुटल्यासारखं झालं. मग ओठ. मग कुणी घशातून निखारा खाली ढकलतंय असं. मी बादली वाळूत उपडी केली आणि निकीचे हात समुद्रात नेऊन इतके घासले की ती रडायला लागली. तिच्या रडण्याने हे जागे झाले. मी तोंड उघडलं. "अहो" एवढा दोन अक्षरांचा शब्द. तो आला नाही.

डॉली तेवढ्यात परतली होती. तिने एकदा माझ्या ओठांकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. "आजी! बीच ॲपल? यू ईट बीच ॲपल?" आणि गाडीची किल्ली घेऊन पळाली.

आरोग्यकेंद्रातल्या नर्सने माझ्या जिभेवर उजेड टाकला आणि ह्यांच्याकडे वळून सांगितलं, या झाडाचं नाव मॅन्चिनील. फळ वाईट, चीक त्याहून वाईट, पावसात खाली उभं राहिलं तरी अंगावर फोड उठतात. म्हणून तर लाल पट्टा. घसा आणखी सुजला तर मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. तोवर थंड दूध, गोळ्या, आणि बोलायचं नाही, एक शब्दही नाही. मग वही काढून तिने विचारायला सुरुवात केली. मी सवयीने उत्तर द्यायला पुढे सरकले, तिने बोटाने गप्प केलं.

ह्यांनी उत्तरं दिली. जन्मतारीख. रक्तदाबाची गोळी, कुठली, किती, सकाळी की संध्याकाळी. सल्फाचं औषध सोसत नाही. शेरनच्या वेळी सिझेरियन. पित्ताशय काढलं ते वर्ष. डाव्या कुशीवर झोपली की छातीत जळजळतं, म्हणून उजव्या. एकही अडखळणं नाही, ठणठणीत इंग्रजीत. मी खाटेवर पडून आपल्याच नवऱ्याकडे बघत होते, एखादा नवीन शेजारी राहायला यावा तसं. नर्स म्हणाली, "तुम्हाला बरंच माहीत आहे." हे म्हणाले, "ऐकतो ना."

संध्याकाळपर्यंत सूज थांबली. घरी सोडलं.

वऱ्हांडा

दुसऱ्या सकाळी मी वऱ्हांड्यात खुर्चीवर, हातात दुधाचा पेला, ओठ दोन बोंबलांसारखे. निकी आत डॉलीबरोबर पीठ मळत होती. हे समोर येऊन बसले.

"दुखतंय?"

मी मान हलवली.

"बोलता येत नाही ना अजून?"

पुन्हा मान हलवली.

"बरं झालं." मग घाईघाईने, "म्हणजे बरं नाही झालं. पण मला एक सांगायचंय, आणि असा चान्स पुन्हा मिळायचा नाही." त्यांनी घसा खाकरला. "फिलू, मला वसईला परत जायचं नाही."

मी पेला खाली ठेवला. निकीचं रंगवायचं पुस्तक बाजूला पडलं होतं. जांभळा खडू उचलून एका हत्तीच्या पोटावर लिहिलं, "थंडी?"

"थंडी तुला सोसत नाही. मला सोसते. मला शोव्हल करायला आवडतं, फिलू. सकाळी बर्फावर कुणाचं पाऊल नसतं. मी पहिलं फावडं मारतो. पलीकडचा पोर्तुगीज म्हातारा हात करतो. मग त्याचं अंगण करतो. विंटर टायर अख्ख्या गल्लीचे मी बदलतो, तुला माहितीये. वसईत दादा मला अजून 'बाळ, तू बस' म्हणतो. साठी उलटली माझी. तिकडे मी गेलो की नुसता बसतो."

"आधी का नाही सांगितलंत?" हे लिहायला हत्ती पुरला नाही, सोंडेपर्यंत गेलं.

छपरावर ते कोक्रिको भांडत होते.

"प्लांटमध्ये माझ्या डोक्यावर एक दोरी असते," ते म्हणाले. "लाइनवर काही चुकतंय असं वाटलं की ओढायची. अख्खी लाइन थांबते. सुपरवायझर येतो, विचारतो, पास्कल, काय झालं? मी सांगतो, ते नीट केलं जातं, मग लाइन पुढे. इतकी वर्षं झाली, एकदाही कुणी रागावलं नाही, का थांबवलीस म्हणून. घरी तशी दोरी नाही, फिलू. मी शोधली."

तो माणूस हे रागाने बोलला असता तर मी खडू फेकून मारला असता. पण ते माझ्या दुधाच्या पेल्यावरची माशी हाकलत बोलत होते.

मी पान उलटलं. पुढच्या पानावर समुद्रातली परी होती, तिच्या केसांतून लिहिलं, "पण मला जायचंय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं. "हे तू आज पहिल्यांदा म्हणालीस. आजपर्यंत ह्यांना जायचं होतं. तुला कधी जायचं नव्हतं."

मला हसू आलं आणि ओठ फाटला. खरंच की. आमच्याकडे नव्या नवरीने "मला" म्हणायचं नसतं. मला सिनेमा बघायचाय म्हटलं तर सुनेला लाज नाही. ह्यांना बघायचाय म्हटलं की सासूबाई स्वतः तिकिटाचे पैसे काढून द्यायच्या. माझी आई तसंच करायची, सेसिलबाई तसंच करते. हवी ती वस्तू ह्यांच्या खिशात घालायची आणि घरात आणायची. ह्यांना लाल पडदे आवडत नाहीत. ह्यांना बेसमेंट भाड्याने द्यायचं नाही. ह्यांना कोकमाचं सारच लागतं. एका पानावर मी अशी यादी करायला घेतली आणि परीच्या शेपटीपर्यंत येऊन थांबले, कारण ह्यांना खरोखर काय लागतं ते मला एकही आठवेना. खेकडे? तीन वेळा वाढून घेतले होते. मी ते तेवढंच लिहिलं, प्रश्नचिन्ह टाकून.

"खेकडे हो," हे म्हणाले. "आणि तू. पण दिवसाचे थोडे तास."

मी जांभळा खडू फेकून मारला. नेम चुकला.

मग ते म्हणाले, "तुला जायचं तर तू जा ना. जानेवारी-फेब्रुवारी. मी एअरपोर्टवर सोडायला येईन."

एकटी? नवरा सोडून, सासरच्या घरी, दोन महिने? लोक काय म्हणतील, हे लिहायला जागा शोधत होते तर निकी आतून पिठाचे हात घेऊन आली. तिने सगळं पुस्तक चाळलं, आपला हत्ती बघितला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "हू डिड धिस?"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. सवय अशी एका सकाळीत जात नाही.

उरलेले दोन दिवस मी कुजबुजत्या आवाजात काढले. कुजबुजत बोलायचं तर माणूस निवडून बोलतो. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं पाण्याच्या कडेला बसलो होतो, त्या झाडापासून भरपूर लांब. मी नारळाकडे बोट दाखवलं नाही. ह्यांनीच आपण होऊन बोलायला सुरुवात केली, झोळीवाल्या पक्ष्यांबद्दल, मग प्लांटमधल्या एका मित्राबद्दल ज्याचं नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं, मग आईबद्दल. सूर्य गेला तरी बोलत होते. इतका नवीन माणूस इतक्या जुन्या शर्टात मी कधी पाहिला नव्हता.

डॉलीने निघताना गालाला गाल लावला. "कम बॅक, आजी. पण मी देईन तेच खायचं." दोन-तीन वर्षं तिची कार्डं येत होती. मग थांबली. मी अजून पाठवते.

आणि मग

ह्यांनी फॉर्मवर "नाही" भरलं आणि आणखी चार वर्षं काम केलं. आता गुडघ्यांमुळे फावडं सुटलंय, पण बर्फ पडला की खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि दुसऱ्यांची अंगणं बघून चुका काढतात.

मी त्या पुढच्या जानेवारीत गेले. एकटी. मुंबईच्या विमानतळावरून वसईपर्यंत भाड्याच्या गाडीत मी वाक्य घोकत होते, जसं कधीकाळी इमिग्रेशनच्या इंटरव्ह्यूसाठी घोकलं होतं. केळीच्या बागेतून गाडी आत शिरली. सेसिलबाई पदराला हात पुसत ओट्यावर आली, तिने माझ्यामागे पाहिलं, गाडीत पाहिलं, पुन्हा माझ्यामागे पाहिलं.

"पास्कू कुठाय? बरा आहे ना?"

"बरे आहेत. ते नाही आले," मी म्हटलं. आणि मग ते वाक्य, आवाज थोडा चढूनच निघाला, "मला यायचं होतं."

मग तिने माझ्या हातातली बॅग घेतली.

"अगो, मग तसं सांगायचंस ना गो! आम्ही इतकी वर्षं त्याची वाट बघून राहिलो. थांब, खाट खिडकीकडे सरकवते. तुला वारा लागतो, त्याला कुठे लागत होता?"